प्रादेशिक पाणी योजनेत सामील व्हावं का? आधी शेवटच्या नळापाशी जाऊन बघा

एका सरपंचताईंनी विचारलं आहे: "आमचं गाव तालुक्याच्या शहरापासून सहा किलोमीटरवर. २०११ च्या जनगणनेत साडेतीन हजार वस्ती होती. प्लॉटिंग आणि सोसायट्यांमुळे आता दुप्पट तरी झाली असेल. गावची विहीर मार्चनंतर आटते, मग टँकर. आजूबाजूच्या आठ गावांची मिळून धरणावरून प्रादेशिक योजना करायची चर्चा आहे आणि ग्रामपंचायतीचा ठराव मागितला आहे. काही जुनी माणसं म्हणतात, सामील होऊ नका, शेवटच्या गावाला पाणी येत नाही. तरुण म्हणतात, पाणी अडवा-जिरवा केलं तर योजनेची गरजच नाही. काय करावं?"

ताई, ठराव द्या, पण अटी घालून द्या. अटी कोणत्या, ते पुढे येईलच.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात बत्तीस वर्षं काढली. निम्मी योजना आखण्यात गेली आणि निम्मी, आखलेल्या योजना का चालत नाहीत ते शोधण्यात. खरं शिकलो ते दुसऱ्या निम्म्यात. तुमची जुनी माणसं म्हणतात ते बरोबर आहे. शेवटच्या गावाला पाणी येत नाही ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक प्रादेशिक योजनेत ऐकली. धरण कोरडं हे तिचं कारण मात्र फार थोड्या वेळा निघालं. बहुतेक वेळा पाणी वाटेत कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे ते कोणीच मोजलेलं नव्हतं.

एक उदाहरण सांगतो. सात गावांची योजना होती, मीच आखलेली. कागदावर हिशोब चोख. सातव्या गावाची टाकी मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून अर्धीच भरायची. पंप बदलले, एक व्हॉल्व्ह बदलला, तरी फरक नाही. शेवटी पाइपलाइनवरून चालत निघालो. दुसऱ्या दिवशी एका टेकाडावर एअर व्हॉल्व्ह दिसला, गोणपाटात गुंडाळलेला आणि खाली दगड लावून तिरका केलेला. त्यातून बारीक धार लागली होती आणि खाली चार हंडे रांगेत मांडलेले. शेजारी बारा घरांची वस्ती. पाइप त्यांच्या बांधावरून गेला होता, पण योजनेच्या नकाशात वस्तीचं नावच नव्हतं. हवा बाहेर पडायची जागाच अडल्यामुळे पुढच्या लाइनीत हवा कोंडून पाण्याचा रस्ता अडत होता. आम्ही व्हॉल्व्ह दुरुस्त केला असता तर आठ दिवसांत पुन्हा तेच झालं असतं. वस्तीला फेरूल (मुख्य पाइपातून घेतलेला छोटा जोड) टाकून दोन स्टँडपोस्ट, म्हणजे सार्वजनिक नळ दिले आणि व्हॉल्व्हभोवती चेंबर बांधला. सातव्या गावची टाकी त्याच आठवड्यात भरली. वर्षभर पंपांवर जे पैसे घातले त्याच्या एका तुकड्यात हे काम झालं असतं, हे सांगायला आजही लाज वाटते.

म्हणून तुमची पहिली अट: आराखडा मंजूर होण्याआधी लाइन जिथून जाणार तिथून आठही गावांच्या प्रतिनिधींनी चालत जायचं. वाटेतली प्रत्येक वस्ती, पाडा, वीटभट्टी नकाशावर यायला हवी. ज्यांच्या जमिनीतून पाणी जातं त्यांना ते मिळालं नाही तर पाइप टिकत नाही. मोठ्या प्रमाणावर हे बघायचं असेल तर शहापूर तालुका बघा. तानसा, भातसा तिथेच, मुंबईचं पाणी तिथूनच जातं, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो.

आता लोकसंख्या. आराखड्यात मागच्या चार-पाच जनगणनांवरून पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या काढतात. त्याच्या तीन-चार ठरलेल्या पद्धती आहेत. शांत गावाला त्या ठीक आहेत. शहरालगतच्या गावाला त्या फसवतात, कारण तिथली वाढ जन्मावर नाही, एनए (बिनशेती) प्लॉटवर चालते. शिवाय शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची वेळेवर झालीच नाही. तेव्हा पंचायतीने स्वतः मोजावं. नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) मधली घरं, घरगुती वीज मीटर, मंजूर झालेले लेआउट आणि त्यातले न विकलेले प्लॉट, मतदार यादी, शाळेचा पट. यातले कोणतेही तीन आकडे एकमेकांशी ताडून बघितले की आजची वस्ती बऱ्यापैकी कळते. पुढची वाढ मंजूर लेआउटमध्ये लिहिलेलीच असते. भविष्य बघायला ज्योतिषी नको, तलाठ्याचं दप्तर पुरे.

समजा आठ गावांची तीस वर्षांनंतरची वस्ती ४०,००० धरली. आता माणशी किती लिटर? खरी गफलत इथे होते. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या जुन्या मॅन्युअलमध्ये १३५ लिटर. ५५ ने हिशोब केला तर ४०,००० माणसांना रोज २२ लाख लिटर लागतात. १३५ ने केला तर ५४ लाख. वाटेतली गळती १५ टक्क्यांवर ठेवली, तर ५४ लाख घरोघर पोहोचवायला सुमारे साडेत्रेसष्ट लाख उचलावे लागतात. मंजुरी पटकन मिळावी म्हणून योजना ५५ ने आखायची आणि फ्लशचे संडास, वॉशिंग मशीन, सोसायटीच्या टाक्या असलेल्या वस्तीला ती पुरेल अशी आशा करायची, हे मी फार बघितलं. पहिली पाच वर्षं सगळे खूश असतात. सहाव्या वर्षी गावठाणातल्या नळाला पाणी येईनासं होतं, कारण खालच्या अंगाच्या सोसायटीचा संप (जमिनीखालची टाकी) सगळं ओढून घेतो.

माझं मत असं की गावठाण आणि नवी वस्ती यांचं माणशी लिटरचं प्रमाण आणि पुरवठ्याचे झोन वेगळे धरावेत. गावठाणाला ७०, सोसायट्यांना १३५, आणि दोघांच्या लाइनी टाकीपासूनच वेगळ्या. हे पुस्तकी नाही. काही वरिष्ठांनी त्यावर माझ्या फायलीत लाल शाईने प्रश्नचिन्हं काढली होती.

आणि ताई, एक गोष्ट आजच थांबवा. बांधकाम परवानगीसाठी "ग्रामपंचायत पाणी देईल" असा ना-हरकत दाखला मागायला कोणी आलं तर हातात पाण्याचा हिशोब असल्याशिवाय सही करू नका. तो कागद पुढे लोक मोर्चात फडकवतात, आणि बिल्डर तोवर दुसऱ्या गावात गेलेला असतो.

उद्भवाकडे, म्हणजे पाणी जिथून उचलायचं तिकडे येऊ. साडेत्रेसष्ट लाख लिटर रोज म्हणजे वर्षाला सुमारे २.३ दलघमी (एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर). ऐकायला मोठं वाटतं. पण मोकाट पाटपाण्यावर एक हेक्टर ऊस वर्षाला वीस-पंचवीस हजार घनमीटर पाणी पितो. म्हणजे तीस वर्षांनंतरच्या ४०,००० माणसांचं, शहरी मापाने मोजलेलं वर्षाचं पाणी, सुमारे शंभर हेक्टर उसाइतकं. धरणाच्या लाभक्षेत्रात बसून हे वाक्य बोलताना जपून बोला, पण बोला. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या धोरणात पहिला क्रम आहे. अडचण क्रमाची नसते, आरक्षणाच्या कागदाची असते. धरणातला तुमचा वाटा जलसंपदा विभागाकडून मंजूर होऊन, करारनामा होऊन हातात हवा. दर वर्षी पावसाळा संपल्यावर १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढच्या उन्हाळ्याचा हिशोब बसतो. त्या बैठकीत तुमच्या योजनेचं नाव यादीत नसेल तर मे महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात बसावं लागतं. ही झाली दुसरी अट: आधी आरक्षण, मग पाइपाचं टेंडर. उलटं झालेल्या योजना मला माहीत आहेत. पाइप पुरला आणि पाणी दुसऱ्याचं निघालं.

जॅकवेलची (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीची) पातळीही विचारा. बऱ्याच धरणांत मोठा साठा मृतसाठ्यात, म्हणजे दरवाजांच्या पातळीखाली असतो. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे. इंटेक वरच्या पातळीवर असेल तर डोळ्यांसमोर पाणी दिसत असताना पंप कोरडे फिरतात, आणि मग चर खोदून, तरंगते पंप लावून पाणी आणायची धावपळ होते.

एकाच धरणावर सगळा भार टाकला की काय होतं ते २०१६ मध्ये लातूरने दाखवलं. मांजरा आटलं आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. मोठ्या शहराला तेही घोटभरच. त्यानंतर मराठवाड्यातली अकरा धरणं पाइपांनी जोडायची कल्पना पुढे आली. कल्पना भव्य आहे, पण एकाच दुष्काळात सगळीच धरणं तळाला गेली तर त्या पाइपांतून काय फिरवायचं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

तेव्हा तिसरी अट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: गावची जुनी विहीर बंद करायची नाही. प्रादेशिक योजना आली की पहिल्या वर्षी विहिरीचा पंप निघतो, दुसऱ्या वर्षी तिच्यात निर्माल्य पडायला लागतं, पाचव्या वर्षी ती बुजवून सभामंडप होतो. मग मेन लाइन फुटली की पाच दिवस टँकर. तुमची विहीर मार्चपर्यंत चालते म्हणता. म्हणजे वर्षाचे आठ महिने ती धरणाचं पाणी आणि पंपिंगची वीज वाचवू शकते.

विहीर मोजणं अवघड नाही. सहा मीटर व्यासाची असेल तर एक मीटर खोल पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, ५५ लिटरप्रमाणे पाचशे माणसांचं एका दिवसाचं. पंप लावून पातळी खाली आणायची, पंप बंद करायचा आणि एक मीटर पाणी परत चढायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघायचं. हे मे महिन्यात करायचं. जानेवारीत आवक मोजून योजना आखणाऱ्यांनी गावांचं फार नुकसान केलं आहे.

काही भागांत मात्र हा पर्याय नसतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा घ्या. तिथे विहीर खोल नेली तरी खारंच पाणी लागतं. म्हणून तर वान धरणावरून ८४ खेडी योजनेसारख्या मोठ्या योजना तिथे कराव्या लागल्या. तिथल्या माणसाला 'स्थानिक उद्भव जपा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, अगदी शब्दशः. तुमचं गाव तसं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

पाणी आणायचं कसं, नदीतून की पाइपातून? सोलापूरचं बघा. उजनीचं पाणी वर्षानुवर्षं भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत सोडलं जायचं. शहराला हवं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी धरणातून सोडावं लागायचं. पात्र भिजतं, वाटेत बंधारे भरतात, काठच्या मोटारी चालतात. पाइपलाइन हा सरळ उपाय वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी आहेही. पण इंजिनियर ज्याला 'वहनव्यय' (वाटेत मुरून-उडून गेलेलं पाणी) म्हणतो ते कोणाचं तरी पीक असतं, कोणाची तरी विहीर त्यावर भरते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपने पाणी न्यायला मावळात विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलीस गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले, आणि पाइपलाइन रखडली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी जात नाही. इतकंच की तुमची आठ गावं धरणाच्या पायथ्याची नसतील, तर पायथ्याच्या गावांशी आधी बोला. तुमच्या ठरावाइतकीच त्यांच्या ग्रामसभेचीही नोंद हवी.

पाइप जमिनीत गेल्यावर खरा खेळ सुरू होतो. वरची गावं आधी, भरपूर आणि मोफत पाणी घेतात, खालची उरलेलं. हे माणसाच्या स्वभावाने होतं, तसंच पाइपाच्या रचनेनेही. मुख्य वाहिनीला थेट टॅपिंग मारलेलं असेल तर उंचावरच्या आणि टोकाच्या गावाचा दाब संपतो. पुस्तकात एकमजली घराला ७ मीटर आणि दुमजलीला १२ मीटर (पाणी आपोआप तेवढं उंच चढेल इतका) दाब हवा असं आहे. टोकाच्या नळाला दोन मीटरही मिळत नाही, मग लोक नळाला मोटर लावतात, आणि मोटर लावली की शेजाऱ्याचं पाणी गेलं. चावीवाला (व्हॉल्व्हमनला आमच्याकडे हेच नाव) मग गावातला सर्वांत ताकदवान माणूस होतो. मी त्याला नावं ठेवत नाही. चार हजार रुपयांत रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह फिरवायला जाणारा माणूस दुसरा कोण सापडणार?

याला उपाय एकच, प्रत्येक गावाच्या वेशीवर मीटर. मुख्य वाहिनीवर एकही घरजोड नको. प्रत्येक गावच्या टाकीत ठरलेलंच पाणी जाईल असा प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह आणि त्यापुढे मीटर. आठ मीटरांचे आकडे रोज सकाळी एका फळ्यावर लिहायचे. शुद्धीकरण केंद्रातून किती निघालं आणि आठ टाक्यांत किती पडलं, यातला फरक म्हणजे मुख्य वाहिनीची गळती किंवा चोरी. टाकीतून किती गेलं आणि घरोघरच्या मीटरांवर किती नोंदलं, यातला फरक म्हणजे गावातली. ही चौथी अट, आणि हिच्यावर अडून बसा. मीटर हा खर्च वाचवण्यासाठी कापला जाणारा पहिला कलम असतो.

गळतीला कमी समजू नका. टाकीच्या वीस मीटर दाबाखाली पाइपाला तीन मिलिमीटरचं भोक असेल, म्हणजे खिळ्याएवढं, तर दिवसभरात सुमारे सात हजार लिटर जातं. ५५ लिटरप्रमाणे ते सव्वाशेहून जास्त माणसांचं पाणी, आणि ते गटारात जात असल्यामुळे वर दिसतही नाही. विजेचा हिशोबही करून बघा. आपल्या योजनेत पाणी शंभर मीटर उचलावं लागत असेल तर एका घनमीटरला साधारण ०.४२ युनिट लागतात, पंप बऱ्या अवस्थेत असला तर. गळती १५ टक्के असताना रोज ६,३५० घनमीटर उचलावं लागतं. ४० टक्के असेल तर ९,०००. युनिटला आठ रुपये धरले तर हा फरक वर्षाला बत्तीस लाखांच्या घरात जातो. एवढ्या पैशात गळती शोधणारं पथक पोसता येतं. तरीही दर वर्षी ठराव येतो तो जादा पंपाचा, कारण पंपाचं उद्घाटन होतं, बुजवलेल्या भोकाचं होत नाही.

चोवीस तास पाणी ही चैन आहे असं लोकांना वाटतं. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे, २०११ ला बत्तीस हजारांच्या आत वस्ती. तिथे कोयना नदीच्या पाण्यावर मीटर लावून, जितका वापर जास्त तितका दर चढा ठेवून चोवीस तास पाणी दिलं गेलं. नळ कायम सुरू असला की लोक भरून ठेवत नाहीत, काल भरलेलं आज ओतून देत नाहीत, तोटी उघडी सोडून झोपत नाहीत. दुसरा फायदा त्याहून मोठा. पाइप रिकामा झाला की तो आतल्या बाजूला ओढतो आणि शेजारचं गटार त्यात शिरतं. भरलेल्या पाइपात बाहेरचं शिरत नाही, आतलं बाहेर येतं.

पाण्याच्या शुद्धतेवर थोडंच सांगतो, पण ते हलक्यात घेऊ नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, महापालिकेत नव्याने आलेल्या नांदेड, किरकटवाडीसारख्या गावांच्या परिसरात गुइलेन-बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि चौकशीचा रोख पिण्याच्या पाण्याकडे गेला. शहर वाढताना गावाची घरं आधी शहराची होतात, पाणी मात्र जुन्या विहिरीचंच राहतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणजे गाळलं असं होत नाही. तुमच्या जलसुरक्षकाने टोकाच्या नळाला क्लोरीन तपासावं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. टाकीपाशी तपासून वहीत भरणं हा माझ्या काळातला सगळ्यात जुना खेळ.

आता तरुणांचा प्रश्न, पाणी अडवा-जिरवा केलं तर योजना नको का. त्यांचा उत्साह मोडू नका, पण हिशोब दाखवा. शंभर चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती आलं तर ४८ हजार लिटर होतात. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरप्रमाणे ते जवळजवळ सहा महिने पुरेल. फक्त ते सगळं जून ते सप्टेंबरात येतं, आणि ४८ हजारांची टाकी परवडणारं घर टँकरचीही वाट बघत नसतं. म्हणून लोक ते बोअरमध्ये सोडतात. आपल्या राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टचा, काळ्या कातळाचा. त्यात पाणी साठतं ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत, आणि ती जागा थोडी. चांगल्या पावसात ऑगस्टमध्येच ती भरते. पुढचं मुरवलेलं पाणी ओढ्याला निघून जातं. त्यामुळे जिरवणं चांगलं, पण शहरालगत वाढणाऱ्या वस्तीची मेची तहान त्याने भागत नाही. ते करायचं असेल तर गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाला करा. पाझर तलावातला गाळ काढा, नाल्यावर बांध घाला, म्हणजे विहीर मार्चऐवजी एप्रिलच्या अखेरपर्यंत जाईल. तो एक महिना म्हणजे एक महिन्याचं पंपिंग.

मिळवलेलं सगळं शेजारच्या बोअरने घालवू नये, म्हणून कायदा आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही. हा नियम १९९३ पासून आहे. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल बोअरवरही बंधनं आहेत. गावोगाव रात्री रिग फिरतात आणि तीनशे-चारशे फूट भोकं पडतात ते तुम्हीही ऐकत असाल. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचं गावाच्या पातळीवर पाळलं आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्यांच्या विहिरी टिकल्यात त्या बंधाऱ्यांमुळे जितक्या, तितक्याच या शिस्तीमुळे. तुमच्याकडे प्लॉटवाले बहुसंख्य असल्याने हे जास्त अवघड जाईल, हे मान्य.

वापरलेल्या पाण्याचा विचार कोणीच करत नाही. दिलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. आपल्या ५४ लाखांतून रोज ४३ लाख लिटर. ते कुठे जाणार? नागपूरने भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला द्यायला सुरुवात केली, रोज १३ कोटी लिटर. तेवढं धरणाचं पाणी शहरासाठी मोकळं झालं. तुमच्या शेजारी वीज केंद्र नसेल, पण रोपवाटिका, वीटभट्ट्या, बांधकामं आहेत. मंजूर होणाऱ्या प्रत्येक मोठ्या लेआउटला दुहेरी पाइप (एक ताज्या, एक प्रक्रिया केलेल्या पाण्याचा) आणि स्वतःचं प्रक्रिया केंद्र ही अट आताच घाला. घरं उभी राहिल्यावर भिंती फोडून दुसरा पाइप कोणी टाकत नाही.

शेवटी पैशाचं, कारण योजना बंद पडते ती बहुतेक वीज बिलावर. वर्षाला घरामागे ठरावीक पाणीपट्टी, त्यातली निम्मी थकलेली. मग वीज कंपनीचा माणूस येतो आणि जंपर काढून वीज तोडतो. आठ गावांची शिखर समिती झाली तर सुरुवातीलाच ठरवा की प्रत्येक गाव आपल्या वेशीवरच्या मीटरच्या आकड्याप्रमाणे पैसे भरेल, घरांच्या संख्येप्रमाणे नव्हे. एवढ्या एका नियमाने वरच्या गावांची उधळपट्टी आपोआप उतरते. मी जिथे जिथे हे बघितलं तिथे पहिल्या तीन महिन्यांत भांडणं झाली आणि चौथ्या महिन्यात वरच्या गावांनी स्वतःहून गळत्या शोधल्या. सोसायट्यांना घरगुती मीटर आणि चढते दर, गावठाणातल्या कमी वापराला किमान दर. गरिबाला स्वस्त द्यायचं ते पहिल्या काही हजार लिटरपुरतं, मोफत अजिबात नाही.

पंपांची क्षमता एकदम तीस वर्षांची घेऊ नका. नियमच असा आहे की बांधकाम आणि पाइप तीस वर्षांचे, पंप पंधराचे. पंपहाऊसमध्ये पुढच्या पंपासाठी जागा आणि पाया सोडायचा, पंप मागून. मोठा पंप अर्ध्या भारावर चालवला की वीज खातो आणि पाइप फोडतो. ऊर्ध्ववाहिनीसाठी (पंपाने पाणी वर चढवणाऱ्या पाइपासाठी) एक्सप्रेस फीडर, म्हणजे फक्त योजनेची वेगळी वीजवाहिनी, मात्र पहिल्या दिवसापासून हवा. शेतीच्या फीडरवर चाललेली योजना आठवड्यातून चार दिवस रात्रपाळी करते.

तर ठरावात हे लिहा: वस्त्यांसह पायी पाहणी, आधी पाण्याचं आरक्षण, गावची विहीर चालू ठेवून तिची दुरुस्ती योजनेच्या खर्चात, प्रत्येक वेशीवर मीटर, मीटरप्रमाणे गावाचं बिल, आणि गावठाण-सोसायटीचे झोन वेगळे. यातल्या विहीर आणि मीटर या दोन गोष्टी नाकारल्या तर मी तुमच्या जागी असतो तर सही केली नसती. बाकीच्यांवर देवाणघेवाण करता येते.

आणि मंजुरी यायला दोन-तीन उन्हाळे तरी जातील. तोवर वाट बघत बसू नका. दोनशे पानी एक वही आणा. विहिरीचा पंप रोज किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, सकाळी पाणी किती फुटांवर होतं, आणि त्या दिवशी कोणत्या गल्लीतून तक्रार आली, एवढे चार रकाने. शाळेतली सातवीतली मुलगी ती लिहू शकते. पुढच्या मे महिन्यात आराखडा करायला जो कोणी इंजिनियर येईल, त्याच्यासमोर ती वही ठेवा.